घेतो की घेत असे

आमच्या इंदूरच्या दवाखान्यात भुलीचे नवे डॉक्टर आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून एक ‘येस’ निघून गेला. माझी भीती तिथून सुरू झाली.

सकाळचा राउंड चालला होता. खिडकीजवळच्या पलंगावर पित्ताशयात खडे झालेले एक म्हातारे गृहस्थ होते. थोड्या वेळाने त्यांना ऑपरेशनला न्यायचं होतं. हे डॉक्टर बरीच वर्षं परदेशात राहून आलेले. हिंदी जेमतेम, मराठी मुळीच नाही. कागद चाळता चाळता त्यांनी मला विचारलं, “ही हॅजन्ट ईटन एनिथिंग?” यांनी काही खाल्लेलं नाही ना, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, “येस सर.”

माझ्या मनातलं वाक्य पूर्ण होतं: हो, नाही खाल्लं. आमच्या घरात लहानपणापासून हीच रीत. “जेवली नाहीस का गं?” “हो ना, नाही जेवले.” समोरच्याचं म्हणणं बरोबर असेल तर आपण हो म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘येस’ म्हटलं की तो माणूस जेवलाच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा शाळेत सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

डॉक्टरांचा हात थांबला. “ही हॅज?”

“येस सर. नॉट ईटन.”

“विच वन इज इट, सिस्टर?”

दोन्हीपैकी नक्की काय ते सांगा, असं ते विचारत होते. मागे दोन ज्युनिअर डॉक्टर, मॅट्रन, सगळे उभे.  शेवटी त्या म्हाताऱ्या पेशंटनेच हात जोडले, “साब, कल से कुछ नहीं खाया, अब तो करा दो.” सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. राउंड संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं की पोट भरलेलं असताना भूल दिली तर अन्न उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, माणूस टेबलावरच जाऊ शकतो. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, “मैं आपके येस पे भरोसा करता हूँ, सिस्टर.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणं संध्याकाळपर्यंत विसरता येतं. माझ्या एका शब्दावर कुणाचा तरी श्वास अवलंबून आहे, हे काही विसरता येईना.

मी हिंदी माध्यमात शिकले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरती. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि गोऱ्या साहेबाशी बोलायचे, असं वडील कौतुकाने सांगायचे, पण ते इंग्रजी पुढच्या पिढ्यांत कुठे झिरपलं नाही. नर्सिंगला गेल्यावर औषधांची नावं, रोगांची नावं, चार्टवरचे शब्द सगळे पाठ झाले. सुटे शब्द येत होते, वाक्य येत नव्हतं. इतकी वर्षं त्यावाचून अडलंही नाही. हाताची शीर सापडत नसली की दुसऱ्या वॉर्डातून मला बोलावणं यायचं.

मग दवाखाना वाढला. सिमरोलच्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजातले लोक यायला लागले, कुठल्या कुठल्या प्रांतांतले. नवे डॉक्टर आले. आणि ठरलं की ड्यूटी बदलताना प्रत्येक पेशंटची जी माहिती पुढच्या सिस्टरला द्यायची, ज्याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणतो, ती यापुढे डॉक्टरांसमोर आणि इंग्रजीत द्यायची.

राऊच्या घरून शहरात स्कूटीवर जाताना मी हेल्मेटच्या आत वाक्यं घोकायची. ‘पेशंट हॅड फीवर’ की ‘हॅज फीवर’? ताप काल होता, उतरला, पण सकाळी अंग पुन्हा कोमट लागलं, मग काय म्हणायचं?  दवाखान्याची पाटी दिसली की पुन्हा पहिल्यापासून. ओव्हरच्या वेळी मी एखाद्या पेशंटचं ड्रेसिंग करायचं मुद्दाम राखून ठेवायची, म्हणजे दुसरीला बोलावं लागेल. पण रोज रोज ड्रेसिंग कुठून आणणार?

नवरा पिथमपूरला कारखान्यात आहे. एक दिवस चहा घेताना म्हणाला, “इतकी घाबरून काय राहिलीस? सरळ हिंदीत बोल ना. फाशी देणारेत का?”

“फाशीची नाही भीती वाटत मला.”

“मग?”

“माझ्या बोलण्याने कुणाचं काही झालं तर?”

 संध्याकाळी तो राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारातून व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. मी ते उघडलं, पहिल्या पानावर क्रियापदांच्या रूपांचा तक्ता होता, आणि मी ते मिटून फ्रिजवर ठेवून दिलं. पुढे ते फ्रिजवरच राहिलं.

शेवटी सासूबाईंनीच वाट काढली. मागच्या गल्लीत त्यांच्या ओळखीच्या एक काकू राहतात. मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघे गेलेले, त्यामुळे बहुतेक वेळ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून असतात. मी त्यांना मधूनमधून इंजेक्शन द्यायला जायची, पण अभ्यासासाठी जायला पाय उचलत नव्हता. गेले तेव्हा त्या मटार सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. येसचंही.

काकूंनी शेंग खाली ठेवली. “आजपासून तुझं येस-नो बंद. कुणी काही विचारलं तर पूर्ण वाक्य बोलायचं. ही हॅज नॉट ईटन. मग येस म्हण नाहीतर नो म्हण, माणूस चुकणार नाही.” आणि लगेच डोळे रोखून इंग्रजीत विचारलं, तू आज भाजी आणली नाहीस? मी म्हटलं, “येस.” त्यांनी मटारचं ताट माझ्यापुढे सरकवलं. “सोल. आणि सोलता सोलता दहा वेळा पूर्ण वाक्य म्हण.”

काकू कडक होत्या. चुकलं की हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत, फक्त वाट बघायच्या. ती वाट बघणं मला राउंडइतकंच भारी पडायचं. पण त्या प्रत्येक गोष्ट मराठीतून पकडायला शिकवायच्या, त्यामुळे ती हातात यायची. असाच एक दिवस ‘यूस्ड टू’ आला.

“आय टीच म्हणजे मी शिकवते,” काकू म्हणाल्या. “आय यूस्ड टू टीच म्हणजे मी शिकवत असे. असे. आता नाही. ‘यूस्ड टू’ आलं की समज, ती गोष्ट संपली.” मग म्हणाल्या, “आणि आय अ‍ॅम यूस्ड टू म्हणजे सवय आहे. ते वेगळं. त्याची यात भेसळ करू नकोस.”

मी भेसळ केलीच. बरेच दिवस करत राहिले. मग एका गुरुवारी काकूंनी उलटसुलट वाक्यं विचारली आणि मी एकही चुकले नाही. शिकवत असे, शिकवते, सवय आहे. तीन वेगळे कप्पे झाले डोक्यात. काकूंनी पहिल्यांदाच घरातल्यांना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. परत येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. वाटलं, भीती जाईल आता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ते दक्षिणेकडचे गृहस्थ भरती झाले.

निवृत्त इंजिनिअर. मुलगी सिमरोलच्या कॉलेजात शिकवते, तिच्याकडे राहायला आलेले. हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं. हिंदी अजिबात नाही, इंग्रजी मात्र धबधब्यासारखी. ज्युनिअर डॉक्टर माहिती घेत होता, मी बीपी बघत होते. पूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. डॉक्टरने विचारलं, रक्त पातळ करायची गोळी?

“यस, यस,” ते म्हणाले, “आय यूस्ड टू टेक.”

मी मान वर केली. यूस्ड टू टेक. घेत असे. म्हणजे आता नाही. मला समजलं, आणि डॉक्टरच्या बरोबरीने समजलं! मनातल्या मनात काकूंना नमस्कार केला. डॉक्टरने लिहिलं, गोळी बंद केलेली आहे. त्याने आणखी काही विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला खालून अपघाताच्या पेशंटसाठी हाक आली आणि तो पळत गेला.

संध्याकाळी मी पुन्हा ताप बघायला गेले. त्यांची मुलगी डबा आणि थर्मास देऊन नुकतीच गेली होती. वॉर्डातली मावशी सगळ्यांना चहा देत होती. तिने त्यांच्यापुढे कप धरला तर त्यांनी हात आडवा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “नो टी, सिस्टर. आय यूस्ड टू ड्रिंक कॉफी ओन्ली.”

आणि थर्मासच्या झाकणातून कॉफीचा घोट घेतला.

मी थर्मामीटर घेऊन तशीच उभी राहिले. कॉफीचा वास येत होता. ते कॉफी पीत होते, आत्ता, माझ्यासमोर, आणि म्हणत होते ‘यूस्ड टू’. पीत असे? नाही. पीत असतो. नेहमी पितो. हे गृहस्थ ‘मी नेहमी करतो’ या अर्थाने ‘यूस्ड टू’ म्हणतात.

मग गोळी?

 खरं सांगते, पहिला विचार आला तो पळून जाण्याचा. ड्यूटी संपत आली होती. लिहिलं डॉक्टरने होतं. आणि मी कोण, काल ‘यूस्ड टू’ शिकलेली, इतक्या शिकलेल्या माणसाच्या इंग्रजीवर शंका घेणारी? माझं चुकलं तर उद्या सगळ्या वॉर्डात हसतील. पुन्हा ते सगळे डोळे. पण दुसरीकडे हेही दिसत होतं की सकाळी यांना खाली नेतील, पाठीत भुलीची सुई देतील, आणि त्यानंतर काय होईल ते मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून जास्तच भीती वाटत होती.

मी खुर्ची ओढली आणि बसले.  मग जेवढं सोपं येईल तेवढं विचारलं, “सर, टुडे. यू टूक दॅट टॅब्लेट, टुडे?”

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “ऑफ कोर्स. आफ्टर ब्रेकफास्ट. आय टोल्ड यू, नो? आय यूस्ड टू टेक.” आणि उशीखालच्या पिशवीतून वार छापलेलं गोळ्यांचं पाकीट, स्ट्रिप, काढून दाखवलं. कालची जागा रिकामी, आजचीही रिकामी.

ज्युनिअर डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकला होता. निरोप पाठवला, उत्तर नाही. उरले भुलीचे डॉक्टर, आणि ते घरी निघून गेलेले. त्यांना फोन करायचा. इंग्रजीत.

नर्सिंग स्टेशनवरचा फोन उचलला आणि पहिला नंबरच चुकीचा फिरवला. दुसऱ्यांदा लागला. त्यांचा आवाज आल्याबरोबर पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. मी म्हटलं, “सर, हर्निया पेशंट. ब्लड थिनर. ही टेक्स. टुडे ऑल्सो ही टूक.”



“इट इज रिटन स्टॉप्ड,” ते म्हणाले.

“येस सर... नो सर...”  ‘स्टॉप्ड’ असं लिहिलंय, हे खरं, म्हणून येस. पण बंद केलेली नाही, म्हणून नो. हिशेब लागेना.

“सो ही हॅजन्ट स्टॉप्ड इट?”

पुन्हा तोच प्रश्न, त्याच घडणीचा. म्हणजे त्यांनी बंद केलेली नाही? माझ्या जिभेच्या टोकावर ‘येस’ येऊन बसला होता. मी तो गिळला. अक्षरशः गिळला, आवंढ्यासारखा. मग एकेक शब्द मोजून ठेवावा तसं म्हटलं, “सर. ही हॅज नॉट स्टॉप्ड. ही टूक इट टुडे मॉर्निंग. आय सॉ द स्ट्रिप.”

“ओके,” ते म्हणाले. “कॅन्सल टुमॉरो. आय अ‍ॅम कमिंग.”

ते आले. येईपर्यंत मी खुर्चीत बसू शकले नाही, स्टेशन आणि त्या पलंगाच्या मध्ये येरझारा घालत होते. माझी ड्यूटी संपली होती, पण घरी जावंसं वाटेना. आपण ऐकलं ते बरोबर होतं ना, पाकीट दुसऱ्याच गोळीचं नसेल ना, हेच फिरत होतं डोक्यात. डॉक्टरांनी पाकीट पाहिलं, पेशंटशी बोलले, कागदावर खाडाखोड करून सही केली. ज्युनिअर डॉक्टरही तोवर आला. पोरगा इंदूरचाच, शाळेपासून इंग्रजी माध्यमातला. पांढराफटक पडला होता. मला म्हणाला, “सिस्टर, आमच्या घरी पण सगळे असंच बोलतात. यूस्ड टू. मी स्वतः बोलतो. मग माझ्या लक्षात का नाही आलं?” मला त्याची दया आली. मी काय सांगणार? माझ्याही लक्षात थर्मासमुळे आलं.

भुलीच्या डॉक्टरांनी त्याला आणि मला दोघांनाही समजावलं. मणक्यात सुई देताना रक्त पातळ असेल तर आत रक्तस्राव होऊ शकतो, मज्जारज्जूवर दाब येतो, माणसाचे पाय कायमचे जाऊ शकतात. रोजच्या तपासण्यांत ही गोळी दिसतही नाही. “क्वचित होतं,” ते म्हणाले, “पण होतं.” मला शाबासकी दिली नाही, आणि मला ती नकोच होती. मला बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. वाटलं होतं त्या खूश होतील. सगळं ऐकल्यावर त्यांनी पुढ्यातली वही मिटली.

“मी तुला सांगितलं होतं, यूस्ड टू म्हणजे संपलं,” त्या म्हणाल्या.

“ते बरोबरच आहे ना, काकू?”

“बरोबर आहे. पुस्तकात बरोबर आहे. इतकी वर्षं मी तेच शिकवलं, पोरींचे मार्कही कापले.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अगं, तो थर्मास नसता तर?”

  त्या दिवशी आम्ही व्याकरण केलं नाही. मी त्यांचं इंजेक्शन दिलं आणि आले. काकूंना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आजवर मला वाटायचं, भीती माझ्यासारख्यांना असते, ज्यांना येत नाही त्यांना. ज्यांना येतं त्यांचीही अशी एखादी संध्याकाळ असते, हे कळून धीर यायला हवा होता. उलट पायाखालचा दगड हलल्यासारखं वाटलं.

हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली, आणि काही दिवसांनी त्या गृहस्थांचं ऑपरेशन झालं. काही त्रास झाला नाही. घरी जायच्या दिवशी मी त्यांच्या हातातली सुई काढत होते. मुलगी शेजारी उभी होती. ते तिला म्हणाले, “नाइस गर्ल. बट हर इंग्लिश इज पुअर. शी डिडन्ट अंडरस्टँड मी, सो एव्हरीथिंग गॉट डिलेड.”

मुलगी गोरीमोरी झाली. तिला डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं होतं. “अप्पा...” तिने सुरुवात केली, पण मी मान हलवून नको म्हटलं. काय सांगणार होती ती त्यांना? ऐंशीच्या घरातला माणूस, जन्मभर इंग्रजीत कारखाने चालवलेला. मी कापूस दाबून धरला, पट्टी लावली. ते व्हीलचेअर नाकारून स्वतःच चालत लिफ्टपर्यंत गेले. मी तिथे उभी राहून त्यांचे पाय बघत होते. एक, मग दुसरा. मला त्यांचा राग आला नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका चिडला की मलाच हसू आलं.

या गोष्टीने मी धीट झाले असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. आता मी कुणाच्याही एका वाक्यावर थांबत नाही. आज घेतली? काल घेतली? पाकीट दाखवा. लोक वैतागतात. एक बाई तर म्हणाल्या, “सिस्टर, आप तो पुलिसवाली हो.” हिंदीतही तसंच विचारते, मराठीतही. “गोळी चालू आहे,” असं आपला माणूस म्हणाला तरी मला वाटतं, कपाटात चालू आहे की पोटात?

ओव्हर अजून इंग्रजीतच द्यायचा असतो. ड्रेसिंग राखून ठेवायची सवय सोडली आहे, पण बोलायच्या आधी दोन घोट पाणी लागतं. काकूंकडे सध्या ‘द’ चालू आहे, कुठे लावायचा आणि कुठे नाही. मला काही केल्या जमत नाही. काकू म्हणतात, एवढासा शब्द आणि सगळ्यात वाईट. परवा मी तो एका वाक्यात तीन ठिकाणी घातला. काकूंनी दोन काढले, मग पेन तसंच धरून विचार करत बसल्या, आणि एक परत घातला.